वाहतुकीच्या थेट माहितीवरून प्लग-इन हायब्रीडच्या विजेचे नियोजन कसे करावे

प्लग-इन हायब्रीड गाडीत ऊर्जेचे दोन साठे असतात: घरी किंवा कचेरीत चार्ज केलेली बॅटरी आणि पेट्रोलची टाकी. कोणता साठा केव्हा वापरायचा हे गाडीतील संगणक ठरवतो, आणि बहुतेक गाड्यांत त्याचा मूळ नियम अगदी साधा असतो. बॅटरीत वीज आहे तोवर गाडी विजेवर चालवायची आणि बॅटरी ठरावीक किमान पातळीला आली की इंजिन सुरू करून उरलेला प्रवास साध्या हायब्रीडसारखा पुरा करायचा. पुढे कोंडी कुठे आहे आणि चढ कुठे आहे, याचा या नियमाशी काहीही संबंध नसतो. त्यामुळे अनेकदा असे होते की मोकळ्या महामार्गावर ताशी शंभराच्या वेगात सगळी वीज खर्च होते आणि पुढे गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत असताना, जिथे विजेचा सर्वाधिक उपयोग झाला असता नेमके तिथे, पेट्रोल जळू लागते.

पुढच्या रस्त्यावरील वाहतुकीची माहिती आधी हाती आली तर हे टाळता येते. त्यासाठी ही माहिती फार सूक्ष्म असावी लागत नाही, हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. आपली गाडी पुढच्या प्रत्येक सेकंदाला किती वेगाने जाईल याचे भाकीत कोणालाही करता येत नाही आणि त्याची गरजही नाही. रस्त्याच्या एकेका तुकड्यावरचा सरासरी वेग दर पाच मिनिटांनी कळत असेल, तर वीज कुठे राखायची आणि कुठे खर्चायची हे ठरवायला तेवढे पुरते.

आधी प्रवास तपासा

दोन चार्जिंगच्या दरम्यानचा तुमचा प्रवास गाडीच्या विजेवरच्या पल्ल्यापेक्षा कमी असेल, तर या सगळ्या खटाटोपाची गरज नाही; गाडी चार्ज करा आणि विजेवर चालवा. नियोजनाला अर्थ येतो तो पल्ला ओलांडणाऱ्या प्रवासात, आणि त्यातही असा प्रवास हवा की ज्यात काही भाग मोकळा, काही कोंडीचा आणि काही चढ-उताराचा आहे. सगळा रस्ता एकाच वेगाने कापायचा असेल तर वीज आधी खर्च केली काय आणि नंतर केली काय, फारसा फरक पडत नाही.

उदाहरणासाठी कॅलिफोर्नियातील एक रस्ता घेऊ, कारण तिथे वाहतुकीची नोंद सर्वांना खुली आहे आणि प्लग-इन हायब्रीड गाड्याही पुष्कळ आहेत. सिलिकॉन व्हॅलीत नोकरी करणारी अनेक भारतीय कुटुंबे, त्यांत मराठीही, अल्टामॉन्ट खिंडीच्या पूर्वेला माउंटन हाउस आणि ट्रेसी भागात राहतात. सकाळी तिथून निघायचे, आय-२०५ या महामार्गावरून आय-५८० ला लागायचे, खिंड चढून लिव्हरमोरच्या बाजूला उतरायचे, प्लेझंटनजवळ आय-६८० घ्यायचा आणि सुनोल, फ्रीमॉन्टमार्गे सॅन होजे गाठायचे: अंतर सुमारे ८० किलोमीटर. २०२३ च्या टोयोटा प्रायस प्राइमची बॅटरी १३.६ किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या बोलीत १३.६ युनिटांची आहे. तिचा विजेवरचा अधिकृत पल्ला ४४ मैल, म्हणजे सुमारे ७१ किलोमीटर आहे, आणि मोठ्या चाकांच्या प्रकारांत तो ३९ मैलांवर येतो. म्हणजे या प्रवासाला वीज थोडीशीच कमी पडते, आणि नियोजनाचा खरा लाभ अशाच प्रवासात होतो.

माहिती कुठून घ्यावी

कॅलिफोर्नियाच्या परिवहन विभागाची, म्हणजे कॅलट्रान्सची, ‘पेम्स’ नावाची प्रणाली महामार्गांवरील डिटेक्टरांच्या नोंदी साठवते. रस्त्याच्या पृष्ठभागाखाली पुरलेली तारांची वेटोळी वरून जाणारी वाहने मोजतात. दर ३० सेकंदांची ही मोजणी पाच मिनिटांच्या सरासरीत रूपांतरित होते आणि वाहनसंख्या, व्याप्ती (वेटोळ्यावर वाहन असण्याच्या वेळेचे प्रमाण) व वेग या तीन रकान्यांत मिळते. नोंदणी करून या फाइली विनामूल्य उतरवून घेता येतात.

इथे चार गोष्टींत हमखास गोंधळ होतो, म्हणून त्या जरा विस्ताराने सांगतो. पहिली अशी की फाइली कॅलट्रान्सने आखलेल्या जिल्ह्यांप्रमाणे असतात, आणि आपला रस्ता दोन जिल्ह्यांत विभागला आहे: खिंडीपासून सॅन होजेपर्यंतचा भाग जिल्हा ४ मध्ये येतो, पण माउंटन हाउस आणि ट्रेसी सॅन होक्विन काउंटीत असल्यामुळे त्यांची नोंद जिल्हा १० च्या फाइलीत शोधावी लागते. दोन्ही फाइली जोडल्याशिवाय प्रवासाची सुरुवातच गहाळ राहते. दुसरी गोष्ट, प्रत्येक ओळीत ‘प्रत्यक्ष निरीक्षणाची टक्केवारी’ सांगणारा एक रकाना असतो. डिटेक्टर बंद पडला की पेम्स शेजारच्या नोंदींवरून अंदाजाने आकडा भरते, आणि त्या वेळी ही टक्केवारी खाली येते. असे भरलेले आकडे खऱ्या मोजणीइतकेच विश्वसनीय समजू नयेत. ते वगळावेत किंवा त्यांना कमी वजन द्यावे. तिसरी, बहुतेक ठिकाणी लेनमध्ये एकच वेटोळे असल्यामुळे तिथला वेग थेट मोजलेला नसतो. वाहनसंख्या, व्याप्ती आणि वाहनाची सरासरी लांबी यांवरून तो काढलेला असतो. अल्टामॉन्टवर मालवाहू ट्रक खूप असतात, त्यामुळे उजवीकडच्या लेनचे आकडे जपून वापरावेत.

चौथी गोष्ट लेनची. मुख्य लेनचे आणि कारपूल लेनचे (एकाहून अधिक माणसे असलेल्या गाड्यांसाठी राखीव लेनचे) डिटेक्टर वेगळ्या खुणेने नोंदलेले असतात आणि दोहोंच्या वेगात कोंडीच्या वेळी मोठा फरक असतो. प्लग-इन हायब्रीडला एकट्या चालकासह कारपूल लेन वापरू देणारी सवलत ३० सप्टेंबर २०२५ रोजी संपली. त्यामुळे पूर्वी कारपूल लेनच्या वेगावर मांडलेले नियोजन अजून वापरात असेल तर ते मुख्य लेनच्या आकड्यांवर नव्याने मांडायला हवे.

पेम्सच्या साठ्याचा उपयोग नेहमीचा नमुना समजण्यासाठी होतो. आज, या क्षणी रस्ता कसा आहे हे कळण्यासाठी थेट वेग देणारी नकाशासेवा लागते. त्यासाठी टॉमटॉम, हिअर किंवा इनरिक्स यांच्या सेवा वापरता येतात.

निघतानाचे चित्र पुरेसे नाही

सर्वांत जास्त चुका होतात त्या इथे. सकाळी सहाला निघताना सगळ्या रस्त्याचा वेग पाहायचा आणि तोच धरून हिशेब करायचा, ही पद्धत सोपी आहे पण चुकीची आहे, कारण सुनोलला तुम्ही सहाला पोहोचणार नसता. तिथे पोहोचाल तेव्हा गर्दी कदाचित कितीतरी वाढलेली असेल. म्हणून हिशेब रस्त्याबरोबर आणि वेळेबरोबर एकत्र पुढे न्यावा. पहिल्या तुकड्याची लांबी त्याच्या वेगाने भागली की तो पार करायला लागणारा वेळ मिळतो. तो घड्याळात मिळवावा आणि दुसऱ्या तुकड्यासाठी त्या नव्या वेळेचा अपेक्षित वेग घ्यावा. असे शेवटपर्यंत करत जावे.

अपेक्षित वेग काढताना जवळच्या तुकड्यांसाठी आत्ताच्या थेट नोंदीला जास्त वजन द्यावे आणि दूरच्या तुकड्यांसाठी मागील काही आठवड्यांतील त्याच वाराच्या, त्याच वेळेच्या मध्यकाला, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणाऱ्या आकड्याला. सरासरीपेक्षा मध्यक घ्यावा, म्हणजे एखाद्या दिवशीच्या अपघाताने सगळा नमुना बिघडत नाही. तुकडे एक-दोन किलोमीटरचे पुरेत, मात्र जिथे चढ संपून उतार सुरू होतो तिथे तुकडा अवश्य तोडावा. उंचीसाठी अमेरिकी भूगर्भ सर्वेक्षण संस्थेची उंचीची माहिती खुली आहे. ती थोडी गुळगुळीत करून घ्यावी, नाहीतर पुलांजवळ खोटे चढ दिसतात.

प्रत्येक तुकड्याला किती ऊर्जा लागेल

गाडीला रोखणारी बले मुख्यतः तीन: टायरांचा रोध, हवेचा रोध आणि चढाचा भार. प्रवाशांसह १७०० किलो वजनाची सेडान धरली, तर टायरांचा रोध साधारण १३० न्यूटन येतो आणि वेगाने तो फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात (वेग दुप्पट तर रोध चौपट) वाढतो: ताशी ४० किलोमीटरला सुमारे ४५ न्यूटन, तर ताशी १०५ ला ३०० न्यूटनच्या वर. त्यामुळे सपाट रस्त्यावर एक किलोमीटरसाठी चाकांपाशी लागणारी ऊर्जा ताशी १०५ ला सुमारे ०.१२ युनिट आणि ताशी ४० ला सुमारे ०.०५ युनिट होते.

यावरून कोंडीत गाडी स्वस्तात चालते असे वाटेल, पण सरासरी वेग इथे फसवतो. गाडी थांबून पुन्हा ताशी ५० वर नेण्यासाठी सुमारे ०.०४५ युनिट लागते. ब्रेक लावताना त्यातला काही भाग बॅटरीत परत येतो, तरी प्रत्येक वेळी ०.०२ युनिटच्या आसपास वाया गेले असे धरावे. एका किलोमीटरमध्ये असे तीनदा झाले तर खर्च ०.०५ वरून ०.११ वर जातो, म्हणजे दुपटीहून अधिक. म्हणून सरासरी वेगावरून काढलेल्या ऊर्जेत कमी वेगाच्या तुकड्यांसाठी अशी भर घालायलाच हवी. ही भर तुमच्या स्वतःच्या गाडीच्या निदान-पोर्टमधून (गाडीच्या संगणकातील नोंदी वाचण्याच्या जोडणीतून) काही प्रवासांची नोंद घेऊन ठरवली तर सर्वांत उत्तम. एसीही विसरू नये: लिव्हरमोरच्या उन्हाळ्यात एसीने एक किलोवॅट घेतला आणि गाडी ताशी २० ने सरकत असली, तर प्रत्येक किलोमीटरला आणखी ०.०५ युनिट त्यातच जाते.

आता खिंड पाहू. अल्टामॉन्टचा माथा समुद्रसपाटीपासून सुमारे ३०८ मीटरवर आहे आणि माउंटन हाउसकडून तो गाठताना सुमारे २७० मीटर चढावे लागते. १७०० किलोंसाठी ही ऊर्जा १.२५ युनिट होते. संध्याकाळी परतताना याच उंचीवरून खाली यायचे असते, तेव्हा ही १.२५ युनिटे परत मिळतील असे मनात येते. पण उतार सुमारे १० किलोमीटरचा धरला आणि रस्ता मोकळा असला, तर ताशी १०५ च्या वेगात हवा आणि टायर मिळून १.२ युनिटे खातात आणि बॅटरीत जवळजवळ काहीच येत नाही. तोच उतार कोंडीत ताशी ४० ने उतरला तर रोधात अर्धे युनिटच जाते, पाऊण युनिट उरते आणि त्यातले अर्ध्या युनिटाच्या आसपास बॅटरीत पोहोचू शकते. म्हणजे उताराने वीज मिळणार की नाही हे उंचीचा नकाशा एकटा सांगू शकत नाही, त्याला वाहतुकीची जोड लागते. माथ्यावर पोहोचताना बॅटरी किती रिकामी असलेली चालेल, हे या हिशेबावरच ठरवावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरच्या बोरघाटासाठीही हीच मांडणी लागू पडते. तिथे खोपोलीहून वर येताना चढ अल्टामॉन्टच्या जवळपास दुप्पट आहे.

वीज कुठे खर्चावी

प्रत्येक तुकड्यासाठी एकच प्रश्न विचारावा: इथे एक युनिट वीज खर्च केली तर किती पेट्रोल वाचेल? प्रायसच्या इंजिनाची सर्वोत्तम कार्यक्षमता ४० टक्क्यांच्या आसपास आहे, पण ती योग्य भार असेल तेव्हाच मिळते. ताशी १०५ ला चाकांना १३ किलोवॅटच्या आसपास शक्ती लागते, आणि तो भार इंजिनाला मानवतो. ताशी ४० ला सपाटीवर दोन किलोवॅटच लागतात, तिथे इंजिन सतत चालवणे परवडत नाही. म्हणून हायब्रीड गाडी कोंडीत इंजिन थोडा वेळ चालवून बॅटरी भरते, मग ते बंद करते. पण वीज बॅटरीत जाताना आणि बाहेर येताना दोन्ही वेळा गळती होते.

उदाहरणापुरते असे धरू की मोकळ्या रस्त्यावर इंजिनाची एकूण कार्यक्षमता ३५ टक्के आणि कोंडीत २५ टक्के आहे, आणि बॅटरीपासून चाकांपर्यंत ८५ टक्के ऊर्जा पोहोचते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ८.९ युनिटे असतात. मग मोकळ्या रस्त्यावर एक युनिट विजेने ०.२७ लिटर पेट्रोल वाचते, तर कोंडीत ०.३८ लिटर. प्रवासाला तीन युनिटे कमी पडत असतील, तर ती तूट कोंडीतून काढून मोकळ्या रस्त्यावर नेली की सुमारे एक तृतीयांश लिटर वाचते. तुमच्या गाडीचे आकडे वेगळे येतील, पण हिशेबाची रीत हीच राहील.

तुकडे एका युनिटमागे वाचणाऱ्या पेट्रोलच्या उतरत्या क्रमाने लावा, वरून वीज वाटत या आणि साठा संपला की थांबा. उरलेले तुकडे इंजिनाचे. या पहिल्या आराखड्यात एक दोष राहतो: त्यात इंजिन वारंवार चालू-बंद होते. थंड इंजिन सुरू करायला जास्त पेट्रोल लागते आणि धूर स्वच्छ करणारा उत्प्रेरक गरम होईपर्यंत धूरही जास्त येतो. म्हणून इंजिनाचे तुकडे शक्यतो सलग, एकाच लांब पट्ट्यात आणावेत आणि इंजिनाच्या प्रत्येक सुरुवातीला हिशेबात थोडे जादा पेट्रोल दंड म्हणून धरावे. हे सगळे नीट बसवायचे असेल तर डायनॅमिक प्रोग्रॅमिंग वापरा. बॅटरीची पातळी शंभर-दोनशे पायऱ्यांत विभागायची आणि प्रवासाच्या शेवटाकडून सुरुवातीकडे येत प्रत्येक तुकड्यासाठी सर्वांत कमी पेट्रोलचा पर्याय निवडायचा. ८० किलोमीटरच्या रस्त्यासाठी ही आकडेमोड साध्या लॅपटॉपवरही झटपट होते.

आणखी एक सल्ला मनापासून देतो. पुढचे काम हाती घेण्यापूर्वी, होऊन गेलेल्या प्रवासांची खरी वेगनोंद वापरून डायनॅमिक प्रोग्रॅमिंगने किती पेट्रोल वाचले असते ते पाहा. भाकीत शंभर टक्के बरोबर असते तर मिळाली असती अशी ही कमाल मर्यादा आहे. तीच नगण्य निघाली, तर त्या रस्त्यासाठी नियोजन करण्यात वेळ घालवू नये.

गाडी चालताना

या आराखड्यातून बॅटरीच्या पातळीची एक अपेक्षित रेषा मिळते: अमुक ठिकाणी इतके टक्के, तमुक ठिकाणी इतके. गाडी चालताना सेकंदासेकंदाचा निर्णय त्या रेषेवर सोडू नये. ती फक्त दिशा दाखवते. खालच्या स्तरावर विजेला पेट्रोलच्या भाषेत एक किंमत द्यावी आणि क्षणोक्षणी पेट्रोल व वीज यांचा एकत्रित खर्च सर्वांत कमी ठेवावा. बॅटरी रेषेच्या खाली गेली की विजेची किंमत थोडी वाढवायची, वर राहिली की कमी करायची. ही दुरुस्ती हळू असावी, कारण ती तीव्र केली तर प्रत्येक चढावर इंजिन दचकून सुरू होते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेतील संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामाचा गाभा हाच दोन स्तरांचा आहे: वर वाहतुकीच्या माहितीवरून आखलेली रेषा, खाली तिच्या आधाराने चालणारा तत्काळ नियंत्रक. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या आर्पा-ई संस्थेने २०१६ मध्ये सुरू केलेल्या नेक्स्टकार कार्यक्रमातही शेव्हर्ले व्होल्ट आणि प्रायस प्राइम यांसारख्या प्लग-इन हायब्रीड गाड्यांवर याच दिशेने प्रयोग झाले.

नवी माहिती आली की आराखडा पुन्हा मांडावा, पण बदल किरकोळ असेल तर जुनाच चालू द्यावा. नेटवर्क तुटले तर शेवटची रेषा धरून ठेवावी, आणि बराच वेळ माहिती आली नाही तर गाडीच्या मूळ नियमावर परत यावे. वाहतूक दिव्यांची माहितीही काही शहरांत मिळते. ऑडीने २०१६ मध्ये लास व्हेगासमध्ये दिवा हिरवा व्हायला किती वेळ आहे हे गाडीत दाखवायला सुरुवात केली. शहरातल्या रस्त्यांवर थांबे टाळायला ती उपयोगी पडते, मात्र आपल्या या महामार्गावरच्या हिशेबात तिचे महत्त्व थोडे.

परिणाम मोजताना सोमवारचा प्रवास नियोजनाने आणि मंगळवारचा नियोजनाशिवाय, अशी तुलना करू नये, कारण दोन दिवसांची वाहतूक सारखी नसते. एकाच नोंदलेल्या वेगावर दोन्ही पद्धती संगणकात चालवाव्यात. शेवटी बॅटरीत उरलेली वीज दोन्हींकडे सारखी हवी. ती नसेल तर फरकाची किंमत पेट्रोलमध्ये धरून मगच आकडे जुळवावेत. हे न केल्यामुळे कागदावर मोठी बचत दिसते आणि ती खरे तर बॅटरीतून उसनी घेतलेली असते.

नियंत्रक लिहिणे शक्य नसेल तर

बहुतेक वाचकांना गाडीच्या संगणकात हात घालता येणार नाही, आणि वॉरंटीचा विचार करता घालूही नये. तरी यातले बरेचसे बटणानेच साधते. प्रायस प्राइममध्ये ईव्ही (फक्त विजेवर) आणि एचव्ही (साध्या हायब्रीडसारखा) हे मोड चालकाला बदलता येतात, आणि दुसऱ्या पिढीच्या व्होल्टमध्ये बॅटरीतली वीज राखून ठेवणारा होल्ड मोड आहे. निघण्यापूर्वी नकाशावर तुमच्या पोहोचण्याच्या वेळेची वाहतूक पाहा आणि लाल पट्टे कुठे येणार ते लक्षात घ्या. लाल पट्ट्यांचे आणि शेवटच्या शहरी भागाचे किलोमीटर मिळवा, तेवढी वीज बाजूला ठेवा आणि सर्वांत लांब मोकळ्या पट्ट्यावर एकदाच एचव्ही लावा. इंजिनाने बॅटरी भरणारा चार्ज मोड यासाठी वापरू नका, कारण त्यात पेट्रोलची वीज करून पुन्हा गती करताना दुहेरी तोटा होतो. मोड गाडी थांबलेली असताना किंवा सरळ रस्त्यावर बदला, आणि घरी पोहोचताना बॅटरी किती उरली ते काही आठवडे लिहून ठेवा. ती रोजच बरीच उरत असेल, तर एचव्हीचा पट्टा तेवढा लहान करा.